धार दारावर यायची

कात्रीला घरच्या घरी धार कशी लावायची, हा प्रश्न आमच्या गोतावळ्यात वर्षातून दोनदा हमखास निघतो. एकदा मे महिन्यात आणि एकदा गणपतीत. म्हणजे वेळणेश्वरच्या घरी माणसं जमली की. मखराचे कागद कापायचे असतात, फडताळातून चार कात्र्या निघतात, आणि चारांतली एकही कागद कापत नाही, नुसती चावते. मग उपायांचा पाऊस. आत्या म्हणते काचकागद काप. मामा म्हणतो बाटलीच्या मानेवर चालव. मुंबईचा भाऊ म्हणतो, अगं, ॲल्युमिनियमच्या कागदाच्या घड्या कर आणि त्या काप. शेवटी गुहागरला जाणारं कोणीतरी असतंच. त्याच्याकडून नवी मागवली जाते आणि फडताळात पाच कात्र्या होतात.

यातला कोणता उपाय खरा, ते पुढे सांगणारच आहे. (नमनाला घडाभर तेल घालायची माझी सवय नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे!) पण त्या प्रश्नातला 'घरच्या घरी' हा शब्द मला हल्ली विचारात पाडतो. कारण थोडं मागे जाऊन पाहिलं तर असं दिसतं की कात्रीची धार घरात कधी नव्हतीच. ती दारावर यायची. कोणाच्या तरी खांद्यावरून, सायकलवरून. आणि तो 'कोणीतरी' कोण, हे आपण फारसं विचारलं नाही. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी घरातल्या हत्यारांची मोजदाद करू. आमच्या पट्ट्यातल्या, म्हणजे वेळणेश्वर, हेदवी, गुहागरकडच्या जुन्या घरांत पातं असलेल्या वस्तू भरपूर. स्वयंपाकघरात विळी, तिच्या टोकाला खवणी. आगरात कोयता. भातकापणीला विळा. ओटीवर पानाच्या तबकात अडकित्ता. यातल्या प्रत्येकाच्या धारेची सोय ठरलेली होती. कोयता पाणी मारून दगडावर घासायचा. पण कुठल्याही दगडावर नाही हं. आपला जांभा भिंतीला उत्तम, धारेला मात्र कुचकामी. सगळा छिद्रांचा, कुठे मऊ, कुठे टणक. त्यासाठी काळा दगड लागतो. विळीचं पातं पाट्याच्या कडेवर घासलं तरी दिवाळीचे नारळ निघून जात. आणि पातं फारच झिजलं, की ते लोहाराकडे. तो ते तापवायचा, ठोकून पातळ करायचा आणि पाणी द्यायचा. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की टणक होतं, त्याला आपल्याकडे 'पाणी देणं' म्हणतात. लोहार बलुतेदार, गावचाच, त्याला वर्षाचं धान्य ठरलेलं.

अडकित्त्याची गंमत वेगळी. कानडीत सुपारीला अडिके म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. म्हणजे सुपारी आपल्या आगरातली आणि ती कातरायच्या हत्याराचं नाव घाटापलीकडचं! पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे इतके नमुने आहेत की माणूस थक्क होतो. दोन दांड्या आणि एक सांधा, म्हणून तो कात्रीचा भाऊ वाटतो, पण काम निराळं. अडकित्त्याला पातं एकच. समोरचा दांडा बोथट. पातं दाबलं जातं आणि सुपारी तुटते. धार थोडी कमी असली तरी मनगटाचा जोर भरून काढतो.

कात्रीला हे चालत नाही. आणि म्हणूनच कात्री या सगळ्यांत परकी.

तशी ती जगात जुनी आहे. संस्कृतात कर्तरी, त्यावरून आपली कात्री. सुश्रुताने शल्यकर्मासाठी जी वीस शस्त्रं सांगितली त्यात 'शरारिमुख' नावाचं एक आहे. शरारी पक्ष्याच्या चोचीसारखं ते शस्त्र कात्रीच्या जातीचं असावं, असं अभ्यासक मानतात. पश्चिमेकडे आधी चिमट्यासारखी कातर होती. एकच वाकवलेली पट्टी, दोन्ही टोकांना पाती, दाबली की मिटायची. मधे खिळा असलेली, आज आपण जिला कात्री म्हणतो ती, रोमन लोकांकडे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास दिसते.

पण जगात असणं वेगळं आणि कोकणातल्या घरात असणं वेगळं. धोतराला कात्री लागत नाही. उपरण्याला लागत नाही. नऊवारी लुगड्याला लागत नाही. कात्री असायची शिंप्याकडे. (संत नामदेव शिंपी होते, म्हणजे मराठी मुलखात ही कला किती जुनी ते पाहा.) घरात ती रुजली ती शिवणयंत्राबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सिंगर कंपनीची यंत्रं मुंबईत विकली जाऊ लागली होती. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा यंत्र काढलं. गांधीजींचा यंत्रांना असलेला विरोध प्रसिद्ध आहे, पण १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त आलेल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला त्यातून चक्क सूट दिली होती. आणि पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी उभं केलेलं सेवासदन! तिथे आणि तशा इतर संस्थांत शिवण शिकून कितीतरी बायका, त्यातही विधवा बायका, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

या बायकांच्या हाती कात्री आली. घरातली इतर सगळी हत्यारं सगळ्यांची. कोयता कोणीही उचलावा, विळीवर कोणीही बसावं. पण 'कापडाची कात्री' एकटीची असते. यंत्राच्या खणात, फडक्यात गुंडाळलेली. तिने कोणी कागद कापला तर घरात जे व्हायचं ते तुम्हीही पाहिलं असेल. त्या रागाला कारण आहे बरं का. कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात पांढरी माती नाहीतर चुनखडीची पूड मिसळतात. म्हणजे कागद कापणं हे थोडंफार दगड कापण्यासारखंच. आणि एकदा ती धार गेली की परत आणणं त्या बाईच्या हातात नव्हतं. पाट्यावर घासून कात्री सुधारत नाही, उलट कायमची बिघडते.

का बिघडते ते सांगते. बोथट कात्री नीट न्याहाळून पाहा. सुरीची धार दोन्ही बाजूंनी निमुळती होत गेलेली असते. कात्रीचं पातं तसं नसतं. त्याची आतली बाजू जवळजवळ सपाट असते. जवळजवळच, कारण चांगल्या कात्रीत ती बाजू किंचित खोलगट घासलेली असते आणि पातंही किंचित आत वाकवलेलं असतं. बाहेरच्या बाजूला एक अरुंद उतार असतो, तोही सुरीपेक्षा बराच उभा. कात्री मिटून उजेडासमोर धरा. दोन पात्यांच्या मधे बारीकशी फट दिसेल. ती खोट नाही, तो गुण आहे. दोन्ही पाती खिळ्यापाशी आणि दुसऱ्या एकाच बिंदूपाशी टेकतात, आणि कात्री मिटत जाते तसा तो बिंदू खिळ्याकडून टोकाकडे सरकत जातो. कापणं घडतं ते त्या एका सरकत्या बिंदूवर.

आता ती आतली बाजू कोणी पाट्यावर घासली, की तो बाक गेला. पाती एकमेकांना टेकेनाशी होतात आणि कापड मधे दुमडून बसतं. खिळा सैल झाला तरी तेच. म्हणजे कित्येकदा कात्री 'बोथट' होते तेव्हा धार शाबूत असते, सांधा गेलेला असतो. कात्री नुसती वाजवू नये, घरात भांडणं होतात, असं आजी म्हणायची. भांडणाचं मला माहीत नाही, पण मधे काही नसताना पात्यावर पातं घासलं की धार उगीच झिजते हे खरं. कोणीतरी शहाण्याने तो नियम केला असणार.

तर असं हे नाजूक काम. ते गावच्या लोहाराच्या घणाखालचं नव्हे. ते करणारी माणसं बाहेरून यायची. आमच्या घरातली मोठी माणसं सांगतात, पाऊस सरला आणि वाटा सुकल्या की धारवाला यायचा. खांद्यावर लाकडी घोडा, त्यात दगडी चाक आणि चाक फिरवायला पायपट्टी. मागच्या पडवीपाशी तो घोडा लावायचा आणि वाडीतल्या बायका आपापल्या कात्र्या घेऊन यायच्या. पुढे शहरांतून हेच काम सायकलवर आलं. सायकल स्टँडला लावायची, पॅडल मारायचं, आणि पट्ट्याने पुढचं छोटं चाक गरगर फिरवायचं. ठिणग्या पाहायला आम्ही पोरं जमायचो.

ही माणसं कोण? मराठीत त्यांना एक सुंदर नाव आहे, शिकलगार. अरबी-फारसीतून आलेला शब्द. 'सैकल' म्हणजे घासून पुसून झळाळी आणणं, आणि ते करणारा तो शिकलगार. मुळात हे तलवारींचं काम. पातं घासायचं, गंज काढायचा, पाणी दिसेल असं उजळायचं. राजांच्या आणि सरदारांच्या शस्त्रागारांना ही माणसं लागत. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगायलाच बंदी आली. तलवारीच नाहीत तर शिकलगाराने करायचं काय? त्याच्या हाताला उरल्या त्या चाकू, सुऱ्या, वस्तरे आणि कात्र्या. ज्या कसबाने तलवार उजळली ते कसब आजीची पोलक्याची कात्री उजळायला दारावर आलं. इतिहासाच्या पुस्तकात पेशवाईच्या शेवटावर प्रकरणं असतात, पण त्याचा एक शेवट आपल्या मागच्या पडवीत झाला, हे मला तरी कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरे घिसाडी. हे फिरते लोहार. गाढवांवर नाहीतर गाडीत संसार, जाईल तिथे भाता लावायचा, विळे-खुरपी करून द्यायची, जुन्याला धार काढायची आणि पुढे चालू लागायचं. आपण 'घिसाडघाई' म्हणतो ना, तो शब्द यांच्यावरूनच आला असं सांगतात. ज्यांनी पिढ्यानपिढ्या आपली अवजारं करून दिली, त्यांच्या नावाचा भाषेत आपण केलेला उपयोग हा असा. घाई त्यांना असायचीच. मुक्काम दोन दिवसांचा आणि अख्ख्या गावाची अवजारं.

महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी आणि शिकलगार ही दोन्ही नावं आहेत. त्या यादीपाशी मी बराच वेळ थांबले. कारण वेळणेश्वर म्हणजे नेमकं याच्या उलट टोक. वेळणेश्वर हे अनेक घराण्यांचं कुलदैवत. पुणं, मुंबई, अगदी अमेरिकेपर्यंत पांगलेली कुटुंबं वर्षा-दोन वर्षांनी शंकराला अभिषेक करायला येतात आणि 'आम्ही मूळचे इथले' असं सांगतात. आम्हीही सांगतो. 'मूळचे इथले' असण्याचा केवढा आधार असतो! आणि आमच्या कात्रीला धार लावणारा माणूस मूळचा कुठला, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. तो फक्त 'धारवाला' होता. नाव नाही, गाव नाही. घरात जमाखर्चाच्या जुन्या वह्या आहेत, त्यातही 'धार' एवढंच आणि पुढे आणे.

माणसांचं असं, तसंच दगडाचं. आता जरा दगडाकडे वळू, कारण धार माणसाच्या हातात असते तशी दगडातही असते.

साधा नियम आहे. ज्याला घासायचं त्यापेक्षा घासणारं टणक हवं. जर्मन शास्त्रज्ञ मोझ याने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी उतरंड लावली. त्यात हिरा १० वर. पाणी दिलेलं पोलाद साधारण साडेपाच-सहाच्या आसपास बसतं. गारगोटी ७ वर, म्हणून गारेचे कण असलेल्या दगडावर चाकूला धार येते. पण चाकू-कात्री झरझर करायची तर त्याहून टणक हवं, आणि ते आहे ९ वर. आपल्या भाषेत त्याला कुरुंद म्हणतात, संस्कृतात कुरुविंद. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त माणकांची लक्षणं सांगताना कुरुविंदाचं नाव घेतलं आहे. आणि आजचं रसायनशास्त्र सांगतं की माणिक, नीलम आणि धार लावायचा कुरुंद हे एकच खनिज. एक अंगठीत बसला आणि दुसरा धारवाल्याच्या चाकात.

त्या चाकाची कृतीही आपल्याकडचीच. कुरुंदाची पूड करायची, ती वितळलेल्या लाखेत कालवायची आणि त्याचं चाक ओतायचं. रत्नांना पैलू पाडणारे आणि शस्त्रं उजळणारे दोघेही हे चाक वापरत. अठराव्या शतकात दक्षिणेतून या दगडाचे नमुने इंग्लंडला गेले. तमिळमध्ये त्याला कुरुंदम म्हणत. १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध मांडला, आणि 'कोरंडम' हा शब्द विलायतेतल्या शास्त्रात पक्का झाला. नाव तेच राहिलं, फक्त उच्चार बदलला.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियात एडवर्ड ॲचिसन नावाचा गृहस्थ कृत्रिम हिरे करायच्या खटपटीत होता. त्याने माती आणि कोळशाची पूड विजेने प्रचंड तापवली. हिरे काही झाले नाहीत, पण निळसर काळे चमकदार कण मिळाले, जे काचच काय, कुरुंदालाही ओरखडा काढत. त्याला वाटलं, हे कार्बन आणि कोरंडम यांचं काहीतरी मिश्रण आहे. म्हणून त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते होतं सिलिकॉन कार्बाइड, कोरंडमचा त्यात अंशही नव्हता! पण नाव चिकटलं. १८९३ मध्ये पेटंट मिळालं आणि नंतर नायगाराच्या धबधब्याच्या विजेवर त्याचा कारखाना चालला.

आणि मग ते नाव घरी परत आलं. १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी सुरू झाली. ज्या मुलखातून कुरुंदम हा शब्द बाहेर पडला, त्याच मुलखात तो दीडशे वर्षांनी विलायती पोशाख करून उतरला. त्याआधी, १९४१ मध्ये, दोन पारशी तरुणांनी ग्राइंडवेल नावाचा धारेच्या चाकांचा कारखाना काढला. कुठे? तर मुंबईसमोर, उरणजवळच्या मोऱ्याला. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जातो ते मोरा! म्हणजे धारेचं चाक कोकणच्या किनाऱ्यावर तयार होत होतं. आजही हार्डवेअरच्या दुकानात तुम्ही 'कार्बोरंडमचा दगड द्या' म्हणता तेव्हा तुमच्या तोंडात वराहमिहिराच्या काळचा शब्द असतो.

आपण मात्र आपले शब्द विसरलो. जुन्या मराठीत धार लावायच्या दगडाला निसणा म्हणत. सहाण हाही मूळचा तोच, संस्कृत 'शाण' म्हणजे धारेचा दगड. आज सहाण म्हटलं की फक्त देवघरातलं चंदन आठवतं. तसंच 'पाजळणं'. विळा पाजळणं म्हणजे त्याला धार लावणं. आता विळे राहिले नाहीत, ज्ञान मात्र पाजळलं जातं. (जसं मी आत्ता पाजळते आहे :-) )

असो. आता कामाचं बोलू, नाहीतर नातेवाईक मंडळी म्हणतील कात्री राहिलीच!

पहिली गोष्ट, दगडाला हात लावण्याआधी सांधा पाहा. पात्यावर चिकटपट्टीचा डिंक बसला असेल तर रॉकेलच्या बोळ्याने पुसा. मग कात्री काटकोनात उघडा, एक दांडी धरून दुसरी सोडून द्या. ती आपोआप थोडी मिटून मधेच थांबली तर स्क्रू ठीक. धाडकन मिटली तर सैल आहे, जरासा आवळा. निम्म्या कात्र्या इथेच सुधारतात, वेळणेश्वरला तर नक्कीच. खारी हवा सांध्यात गंज धरते, मग आपण जोर लावतो आणि सांधा ढिला होतो.

दुसरी गोष्ट, दगड. बाजारात दोन बाजूंचा मिळतो, एक खरखरीत आणि एक बारीक. तो पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. स्क्रू निघत असेल तर पाती वेगळी करा, रिव्हेट असेल तर पूर्ण उघडून घ्या. बाहेरच्या उतारावर स्केचपेनने काळी रेघ काढा. आता तो उतार दगडावर सपाट टेकवा आणि खिळ्याकडून टोकाकडे, एकाच दिशेने ओढा. चार-पाच वेळा झालं की रेघ पाहा. सगळीकडून सारखी पुसली गेली तर कोन बरोबर. फक्त वरची कड पुसली गेली तर पातं जास्त उभं धरलंय, फक्त मागची पुसली तर जास्त निजवलंय. आधी खरखरीत, मग बारीक. उतार सुरीसारखा निमुळता करायच्या मोहात पडू नका, ती धार कात्रीत टिकत नाही.

तिसरी गोष्ट. आतली बाजू घासायची नाही. बाहेरून घासल्यावर आतल्या कडेवर तारेसारखी बारीक कड उलटून येते, बोटाला कचकच लागते. तेवढ्यापुरतं आतलं अंग बारीक बाजूवर अगदी सपाट ठेवून, भार न देता एकदाच सरकवा. पुरे. जोडा, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा (खोबरेल नको, पुण्याच्या थंडीत थिजतं) आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर चालवून बघा. टोकापर्यंत न अडकता कापलं की झालं.

आता ते आत्याचे आणि मामाचे उपाय. ॲल्युमिनियमचा कागद पोलादापेक्षा फारच मऊ. तो धार लावत नाही, फार तर वाकलेली कड थोडी सरळ करतो. काचकागद त्याहून बरा, पण तो उताराचा कोन राखत नाही, कड नुसती खरवडतो. कात्री आठवडाभर कापते आणि परत रुसते. बाटलीची मानही कड फार तर ओढून सरळ करते, आणि काच निसटली तर हात कापतो. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीचा तळ मात्र खरंच कामाचा आहे. त्याची बिनचकाकीची कड पोलादाहून टणक असते. बारीकसारीक धारेला चालते, पण सुरीला, कात्रीला नव्हे. आणि करवतीसारखे दाते असलेल्या कात्रीला घरी हातच लावू नका.

हे सगळं करायला अर्धा तास लागतो. आणि तो अर्धा तास आपण स्वतः घालवला की एक गोष्ट लख्ख कळते. दारावरचा माणूस हेच काम पाच मिनिटांत करायचा. फिरत्या चाकावर, रेघ न काढता, कोन नुसत्या मनगटाने राखून. पातं जास्त तापलं तर निळं पडतं, त्याचं पाणी जातं आणि धार धरेनाशी होते. म्हणून चांगला कारागीर क्षणभर टेकवायचा, उचलायचा, पाण्याचा हात लावायचा. आम्ही पोरं ठिणग्या पाहत होतो, बायका बसल्या बसल्या दोन आणे कमी करा म्हणत होत्या. तो मनगट कुणी पाहिलाच नाही.

मेरठच्या कात्र्यांबद्दल तिकडे एक म्हण आहे, आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी. मोटारींच्या कमानपाट्यांसारख्या भंगार पोलादातून त्या घडवतात आणि २०१३ मध्ये त्यांना भौगोलिक निर्देशनही मिळालं. पण आजोबापासून नातवापर्यंत कात्री पोचायची तर मधे वीस-पंचवीस वेळा तिला धार लावणारा कोणीतरी हवा. त्या म्हणीत आजोबा आहे, नातू आहे, आणि मधला माणूस नाही. आता तो खऱ्या आयुष्यातूनही नाहीसा होतोय. आमच्या वाडीत कित्येक वर्षांत धारवाला फिरकलेला नाही. तीस-चाळीस रुपयांची प्लास्टिकच्या मुठीची कात्री मिळते, दोन गणपती काढते आणि फडताळात जाते. तिला धार लावण्यात कोणाचंच पोट भरणार नाही. त्याच्या मुलांनी दुसरं काही बरं शोधलं असेल तर त्याचा मला आनंदच आहे. भटकंतीचं गोडवं गाण्याइतकी ती सुखाची नव्हती. पण कसब गेलं, आणि ते कोणाचं होतं याची साधी नोंदही आपण ठेवली नाही, याचं वाईट वाटतं.

म्हणून दोन विनंत्या. घरातल्या कापडाच्या कात्रीला या मे महिन्यात स्वतः धार लावून पाहा, नवी आणू नका. आणि तुमच्या शहरात इमारतीखाली अजून सायकलवाला धारवाला ओरडत येत असेल, तर वरून टोपली सोडू नका. खाली उतरा, तो हात कसा चालवतो ते पाहा, आणि त्याला नाव-गाव विचारा. आमच्या वहीत ते लिहायचं राहून गेलं.

तुमच्याकडे धार लावायच्या दगडाला काय म्हणतात? घाटावर, गोव्यात, विदर्भात वेगळे शब्द असणारच. आठवत असतील तर जरूर कळवा, एका वहीत उतरवून ठेवते आहे.